वाचल्याशिवाय कागद वळायचा नाही

अकोला आणि अमरावती या दोन जिल्ह्यांत जेवढी म्हणून माणसं राहतात, त्या सगळ्यांत हट्टी माणूस म्हणजे माझे इवाई. हे मी ऐकीव सांगत नाही. त्यांच्याशी सोयरीक होईपर्यंत तो मान माझ्याकडे होता आणि मी तो सुखासुखी सोडलेला नाही. इवाई म्हणजे पुस्तकात ज्याला व्याही लिहितात ते. माझ्या सुनेचे वडील. राहायला अकोल्यात, जठारपेठेत. उभी हयात त्यांनी लाल डब्यावर कंडक्टर म्हणून काढली, तीही बहुतेक अकोला-अमरावती याच रस्त्यावर. नोकरी संपून बरीच वर्षं झाली, पण ते अजून गाडीतून उतरलेले नाहीत. पंगतीत बसले की शेजारच्याला "सरका पुढं" म्हणतात. कोणी दारात घुटमळलं की "दरवाजात उभं राहू नका" म्हणतात. पाहुणा निघताना चप्पल शोधत रेंगाळला, तर जिन्याच्या लोखंडी कठड्यावर किल्लीनं दोनदा टकटक करतात. दोन घंट्या म्हणजे गाडी सोडायची, एक घंटी म्हणजे थांबवायची, हे आपल्याकडे लहान लेकरालाही कळतं. त्यामुळे टकटक झाली की माणूस एका पायात चप्पल असतानाही चालू लागतो. मीसुद्धा लागतो.

या माणसाला कागदाच्या कुंड्या करायचा नाद आहे. रद्दीतला पेपर घ्यायचा, लांबीत तीन पट्ट्या करायच्या, एकेक पट्टी स्टीलच्या पेल्याभोवती गुंडाळायची, खालची कड आत दुमडायची आणि पेल्याच्या बुडानं दाबून बसवायची. खळ नाही, दोरा नाही. पेला वर ओढला की खाली कागदाची कुंडी उभी. तिच्या बुडाला भोकं पाडायला त्यांच्याकडे तिकिटं टोचायचा जुना चिमटा आहे. कट, कट, कट अशी तीन भोकं. मग त्यात चाळलेलं शेणखत, माती आणि थोडी रेती भरून बी लावतात, आणि कुंड्या ट्रेमध्ये एकमेकींना टेकवून उभ्या करतात. म्हणजे कोणी लवंडत नाही. कुंडीला ते कुंडी म्हणत नाहीत, शीट म्हणतात, म्हणजे गाडीतली सीट. "तीन नंबर शीट खाली हाय, चार नंबरवर मिरची बसून राह्यली," असं सांगतात. पाणी वरून घालत नाहीत, ट्रेमध्ये खाली ओततात. वरून घातलं तर कागद फाटतो आणि, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, झोपलेल्या पॅसेंजरच्या तोंडावर कोणी पाणी मारत नाही. रोप बोटभर झालं की कागदासकट मातीत पुरायचं. कागद मातीत सडून जातो आणि मुळीला कळतसुद्धा नाही की आपण घर बदललं.

पण या सगळ्याच्या आधी एक नियम आहे. वाचल्याशिवाय कागद वळायचा नाही. पान कितीही जुनं असो, इवाई ते डोक्यापासून पायापर्यंत वाचणार आणि मगच फाडणार. देवाचा फोटो असेल तर ते पान बाजूला, कारण देव पायाखालच्या मातीत जायचा नाही. मेलेल्या माणसाची श्रद्धांजली असेल तर तेही बाजूला, कारण त्याला एकदा पोचवलेलं आहे. दहावीच्या निकालातली पोरं बाजूला. "लेकरायनं मेहनत केली, आपुन त्याहिच्या तोंडावर शेणखत टाकायचं काय?" पुढाऱ्यांच्या फोटोंना मात्र त्यांची मनाई नाही. "यायचं चालते," म्हणतात. "उलट यायच्यात रोप लवकर उठते." चकचकीत पुरवणीला ते हात लावत नाहीत. तो कागद मातीशी जमवून घेत नाही. साधा, खरबरीत कागदच संसाराला बरा.

आता माझ्या बाजूचं सांगतो. मी नांदगाव पेठच्या अलीकडच्या गावचा भाजीवाला शेतकरी. पोरगा तिथल्याच कापडाच्या कारखान्यात कामाला आहे. मी शाळेत तिसरीपर्यंत गेलो आणि पुढं मातीत शिकलो. बी टोबायला मला अंगठा पुरतो, पेला लागत नाही, पेपर तर मुळीच लागत नाही. आणि मी मुलाचा बाप. मुलाच्या बापाला सोयरिकीत काही मान असतो, हे जग जाणतं.

लग्नानंतर पहिला धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात जावयाला घरी बोलावून तेहेतीस अनारसे ताटात देतात, वर दिवा ठेवतात. आम्हालाही बोलावणं होतं. मी नवं धोतर नेसून गेलो. जेवणं झाली, ओवाळणं झालं, आणि इवायांनी तांब्याची परात आणून माझ्या पोरासमोर ठेवली. वरून रेशमी रुमाल. पोरानं रुमाल उचलला, तर आत तेहेतीस कागदी कुंड्या. टमाटर, वांगं, मिरची, सगळी हिरवीगार रोपं, मध्ये एक निरांजन.

मी विचारलं, "इवाई, अनारसे कुठी हायेत?"

"अनारसे चार दिवसांत सरतात," इवाई म्हणाले. "हे संक्रांतीपर्यंत पुरते."

"आमच्याकडं शेत हाय. आमाले रोपं कावून देऊन राहिले तुमी?"

"तुमच्याकडं शेत हाय म्हनूनच तं देऊन राहिलो. ज्याच्याकडं शेत नाई त्याले अनारसे देतो."

यावर आमची बुढी, म्हणजे माझी बायको, तोंडाला पदर लावून हसली. सासूचा मान गेला तरी हसणारी बाई मी तिच्याशिवाय दुसरी पाहिली नाही. येताना गाडीत ती परात माझ्याच मांडीवर होती आणि मी बडनेरा येईपर्यंत कोणाशी बोललो नाही. मी त्यातलं एक रोप लावलं नाही. बुढीनं न्हाणीच्या पाण्यावर सगळी लावली. एकही मेलं नाही. टमाटर खरंच संक्रांतीपर्यंत आले. मी खाल्ले, पण त्याबद्दल काही बोललो नाही.

इवाई आमच्याकडे येतात तेव्हा स्वतःची पाण्याची बाटली घेऊन येतात. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही जुनी चाल. सून म्हणते, "बाबा, आता कोनी पाळत नाई हे," पण ऐकतील तर ते इवाई कसले. घोटभर पितात आणि उरलेलं माझ्या बांधावरच्या रोपट्यांना घालतात. घालताना पुटपुटतात, "बिचारे उन्हात उभे हायेत." जसं काही मी पाणीच देत नाही.

आमचं खरं भांडण वाळकावरून व्हायचं. वाळूक म्हणजे काकडीचीच जात, पण जाडजूड, पिवळ्या पट्ट्यांचं. पिकलं की वास अख्ख्या वावरात फिरतो. हे बी माझ्या आईचं. ती पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळीत टोबायची, मीही तसंच टोबत आलो. गावात आता कोणाकडे हे वाळूक नाही. बाजारात जे मिळतं त्याला चव नाही आणि वास तर नाहीच. इवाई दरवर्षी म्हणायचे, "वेलाच्या मुळीले धक्का सहन होत नाई, शिटावर बसवून न्या." मी दरवर्षी म्हणायचो, "माह्या मायनं कोनता पेपर वाचला होता?" त्यावर ते गप्प बसायचे, पण त्यांची चुप्पी म्हणजे हार नव्हे हे मला ठाऊक होतं.

मग एक साल असं आलं की पेरल्याबरोबर झड लागली. आठवडाभर ऊन नाही. बी मातीतच कुजलं. मी पुन्हा टोबलं. ते उगवलं, दोन पानांवर आलं, आणि एका सकाळी जाऊन पाहतो तर रानडुकरांनी सगळी ओळ नांगरल्यासारखी उलथून टाकलेली. घरी येऊन राखेत बी ठेवायचा डबा उघडला. खालच्या राखेत बोटं फिरवून फिरवून जेवढं निघालं तेवढं पाटावर मांडलं. अकरा बिया. त्या गेल्या की माझ्या आईचं वाळूक या जगातून गेलं.

दोन दिवस मी कोणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी बुढी म्हणाली, "भावाले फोन लावा." इवायांना ती भाऊ म्हणते.

"मी नाई लावत."

"मंग मी लावतो."

"तूही नाई लावायचा."

ती म्हणाली, "तुमची अकड तेवढी ठेवा डब्यात. राखेत लय दिवस टिकते."

मी फोन घेऊन अंगणाच्या कडेला गेलो आणि लावला.

"कोन बोलून राह्यलं?"

"मी."

"मी म्हंजे कोन?"

"मुलाचा बाप."

मग म्हणाले, "बोला."

"वाळकाच्या अकरा बिया उरल्या."

"बस, अकरा?"

"अकरा."

मी टोमण्याची वाट पाहत होतो. पेपर, पेला, माझी माय, सगळं त्यांच्या हातात होतं. ते एवढंच म्हणाले, "टोबू नका. मी येऊन राहिलो." टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

दुपारच्या गाडीनं आले. तिकिटांची जुनी पत्र्याची पेटी घेऊन आले होते. पेटीच्या अकरा खणांत अकरा बिया एकेक करून ठेवल्या, झाकण लावलं, बाटलीतलं पाणी प्याले आणि आल्या पावली गेले. पुढं रोज सकाळी त्यांचा फोन. "आज काई नाई." "आज बी काई नाई." एक दिवस, "दोन नंबर शीट उठलं." मग पाच नंबर. मग सात नंबर. असं करत करत आठ उठले. तीन उठले नाहीत. त्या तिघांच्या कुंड्या त्यांनी आणखी पंधरा दिवस फेकल्या नाहीत. म्हणायचे, उशिरा येणारा पॅसेंजर असतो.

आठ रोपं घेऊन ते आले तो प्रवास त्यांनी मला इतक्या वेळा सांगितला आहे की मीच त्या गाडीत होतो असं वाटतं. ट्रे सीटवर खिडकीशी ठेवला आणि स्वतः दांडी धरून उभे राहिले. मूर्तिजापूरला गर्दी वाढली. कंडक्टर म्हणजे कालचं पोरगं. म्हणालं, "काका, सीटवर सामान नाई ठेवता येत."

"सामान नाई बाबू, पॅसेंजर हाय. तिकीट फाड."

"कुठचं?"

"अमरावती."

"अन् तुमचं?"

"मी उभा हाय ना."

त्या पोरानं खरंच अर्धं तिकीट दिलं. इवायांनी ते सवयीनं चिमट्यानं टोचलं आणि ट्रेला लावलं. ट्रे माझ्या अंगणात उतरला तेव्हा तिकीट तसंच होतं.

लावायला आम्ही चौघं बसलो. मी, इवाई, बुढी आणि सून. पहिल्या कुंडीचा कागद मी सोलायला घेतला. प्लास्टिकच्या पिशवीतलं रोप असंच काढतो, हाताला सवय. इवायांनी माझ्या मनगटावर चापट मारली. मुलाच्या बापाला. "कपडे राहू द्या त्याच्या अंगावर," म्हणाले. पण कागदातून बाहेर आलेली मुळी तुटली होती. ते रोप दुपारीच मान टाकून गेलं. उरले सात. त्यानंतर मी हात मागं घेतले आणि फक्त खड्डे केले. कागदाची वरची कड मातीच्या वर दिसता कामा नये, नाहीतर वारा तिच्यातून ओल ओढून घेतो, असं ते सांगत होते आणि मी मान हलवत होतो. मान हलवणं मला त्या दिवशी पहिल्यांदा जमलं.

पाचवी कुंडी बुढीनं उचलली आणि तशीच थांबली. "भाऊ, याच्यावर देव हाय."

"कसा असन? मी वाचून घेतलं," इवाई म्हणाले.

"गनपती हाय."

त्यांनी कुंडी हातात घेतली. डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली, मग उन्हाकडे थोडी फिरवली. आणि म्हणाले, "पुढारी हाय कोनी तरी."

सून हसणार होती, पण माझ्याकडे पाहून थांबली. मी इवायांच्या हाताकडे पाहत होतो. ज्याला वाचता येत नाही तो कागद कसा धरतो, हे मला कोणी शिकवायला नको. बँकेत, कचेरीत, दवाखान्यात मी तसाच धरत आलो. लांब, तिरका, उन्हाकडे, जणू दोष उजेडाचा आहे. ट्रेमधल्या दुसऱ्या एका कुंडीकडे माझी नजर गेली. तिच्यावर हार घातलेला म्हातारा होता, खाली मोठ्या अक्षरांत 'भावपूर्ण'. पुढचं दुमडीत गेलं होतं. म्हणजे नियम मोडला नव्हता. नियम पाळायला डोळेच उरले नव्हते, आणि हे त्यांनी आपल्या पोटच्या लेकीलाही कळू दिलं नव्हतं.

मी म्हणालो, "हो, पुढारीच हाय."

बुढी म्हणाली, "पुढाऱ्याले सोंड?"

"असते एखाद्याले."

पण बुढी ती कुंडी मातीत घालू देईना. तिनं ती देव्हाऱ्यात नेऊन ठेवली. रोज हळदकुंकू, रोज उदबत्ती. वाळकाचा वेल देवघरात वाढू लागला. एका सकाळी त्याचा ताणा समईला गुंडाळलेला सापडला. इवायांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "पॅसेंजर चुकीच्या गाडीत बसला तरी उतरवून द्यायचा नसतो, बदलून द्यायची असते." मग त्यांनीच तोडगा काढला. तुळशी वृंदावनात लावा. तिथं कोणाचा पाय पडत नाही, देव देवाजवळ राहील. हार घातलेला म्हातारा मात्र तेव्हाच ओळीत शेवटी लावला होता. लावण्याआधी मी घुटमळलो, तसं इवायांनी मला हळूच विचारलं, "कोन व्हय?" मी दुमड उघडून, अक्षर अक्षर जुळवून नाव वाचलं. कुठला तरी अनोळखी माणूस. इवायांनी टोपी काढली आणि म्हणाले, "याले पानी जरा जास्त घालत जा."

त्या सालीही डुकरं आली. ओळीतले सगळे वेल गेले, तो म्हातारासुद्धा. तुळशीतला वेल मात्र वाढला. तुळशीवर चढला, तिथून तारेवर, तिथून सुनेच्या वाळत घातलेल्या लुगड्यांवर. बुढी रोज रागवायची आणि रोज पाणी घालायची. तीन वाळकं लागली. पहिलं पिकलं तेव्हा वास गल्लीच्या तोंडापर्यंत गेला, आणि माझी माय मला आठवली. बी काढून, धुऊन, वाळवून राखेत ठेवलं. डबा आता भरलेला आहे. इवायांना मी एक फोड दिली. लेकीच्या घरचं ते काही खात नाहीत. त्यांनी फोड हातात धरली, विचार केला आणि म्हणाले, "हे तुमच्या घरचं नाई. माह्या शिटावरचं हाय." आणि साल टाकली तेवढी, बाकी सगळी खाल्ली.

मग मी माझा डाव टाकला. म्हणालो, "इवाई, मले डोये दाखवायचे हायेत. सोबत चाला, मले तिथचं काई समजत नाई." आयुष्यात पहिल्यांदा मला काही समजत नाही असं मी त्यांना म्हणालो, त्यामुळे त्यांना शंका यायला हवी होती. अमरावतीच्या डॉक्टरांनी माझे डोळे पाहिले, चांगले निघाले. उठताना मी इवायांना त्याच खुर्चीत बसवलं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती रोज थेंब टाकून सांभाळायची, असं डॉक्टर म्हणाले.

त्यांना पोचवायला मी अकोल्याच्या गाडीत बसलो. ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. त्यांना बाहेरचं किती दिसत होतं कोणास ठाऊक. पण बडनेरा आलं हे त्यांनी माझ्याआधी ओळखलं. मग म्हणाले, "शिटं आता बंद."

"कावून? हात तं चांगले हायेत."

"वाचल्याशिवाय कागद वळायचा नाई. नेम म्हंजे नेम."

"मंग मी वाचतो."

"तुमी?" ते माझ्याकडे वळले. "शिक्षन किती तुमचं?"

"तिसरी."

"पास का नापास?"

"थे तुमाले काय करायचं हाय. तुमी वळा, मी वाचतो."

आता दर गुरुवारी मी अकोल्याला जातो. गच्चीवर दोन पाट, मध्ये रद्दी. मी एकेका शब्दावर बोट ठेवून वाचतो, ते पेला हातात धरून ऐकतात. एका पानाला अर्धा तास लागतो. पूर्वी ते एका बैठकीत ट्रे भरायचे, आता चार कुंड्या होतात. "एक्स्प्रेसची पॅसेंजर केली तुमी," म्हणतात. माझं वाचणं अडलं की शेवटचा शब्द आपणच सांगून टाकतात, कारण बातम्या सगळ्या सारख्याच असतात. तो शब्द बरोबर असला तरी मी तो मान्य करत नाही. पुन्हा पहिल्या अक्षरापासून वाचतो. मला न येणारा शब्द आला तर ते पान वळायचं नाही, बाजूला ठेवायचं. तो ढीग मोठा होत चालला आहे. सून माहेरी आली की म्हणते, "मामाजी, रद्दीवाल्याले द्या ते." आम्ही दोघंही देत नाही. त्यातले काही शब्द मागच्या वर्षी येत नव्हते, ते आता येतात.

परवा उन्हं कलली तशी मी निघालो. पायात चप्पल घातली आणि सवयीनं कठड्याकडे पाहत थांबलो. इवाई कठड्यापाशी चाचपडत आले, किल्ली काढली आणि टक केलं. मी दुसऱ्या घंटीची वाट पाहिली. ती आली नाही. एकच होती. मी चप्पल काढली, पाटावर बसलो आणि बाजूच्या ढिगातलं सगळ्यात वरचं पान उचललं.